हिरवी वायर काही करत नाही

एका पाइपात किती वायरी घालाव्यात यावरून घरात भांडण होऊ शकतं, हे कुणाला सांगितलं तर हसतील. कॉलेजात मी सांगून बघितलं, हसलेच. पण मला त्या गोष्टीचा अजून राग येतो, आणि राग आला की मला नीट बोलता येत नाही. तोंडातून नको ते बाहेर येतं. म्हणून लिहून बघते आहे.

आम्ही घाटकोपरला राहतो. आधी डोंगराच्या उतारावर बैठ्या चाळीत होतो. तिथेच पुढे इमारत उभी राहिली आणि आम्हाला पाचव्या मजल्यावर घर मिळालं. हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम आणि बेडरूमला लागून बाथरूम. चाळीतल्या घरात वायरी भिंतीवरून जायच्या. लाकडी पट्टीवर ठोकलेल्या, तेलकट, धुरकट, जळमटं धरलेल्या. आई दर गणपतीच्या आधी स्टुलावर चढून त्या फडक्याने पुसायची. पहिल्यांदा ताईला बघायला पाहुणे आले, तेव्हा त्यांच्यातल्या एक बाई चहा होईपर्यंत छताकडे आणि त्या वायरींकडेच बघत बसल्या होत्या. नंतर नकार आला. नकाराचं कारण वायरी नव्हत्या, पत्रिका होती. पण आईच्या डोक्यात वायरीच राहिल्या.

नव्या घराचा ताबा मिळाला त्या दिवशी आईने सगळ्यात आधी भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, "वायरी खंय गेल्यो?"

बिल्डरचा माणूस म्हणाला, "आतमध्ये, मावशी. कन्सील्ड आहे सगळं."

तेव्हापासून आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आमचा कन्सील आसा." गावच्या बायकांना फोनवर सांगते. त्या विचारतात, म्हणजे काय? मग ती समजावून सांगते. तिचा हा आनंद मला कळतो. पुढे जे काही मी लिहिणार आहे ते तिच्याविरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी इलेक्ट्रिकलला आहे, दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. ताई दहावीनंतर शिवणकामाला लागली, बाबा आठवीपर्यंत, आई चौथी. याचा एक परिणाम असा झाला आहे की मला पुस्तकातली पानं गाळायची भीती वाटते. बाकीच्या मुलांना कोणी मोठा भाऊ, कोणी मामा सांगतो की हे वाच, ते सोडून दे. मला कोणी सांगणारं नाही, त्यामुळे कुठलं पान नको हे मला कळत नाही. मी सगळी वाचते. वायरिंगच्या धड्यात पाइपांबद्दल एक कोष्टक होतं. सर म्हणाले होते, "हे घरी वाचा, परीक्षेला येत नाही. हे वायरमनचं काम आहे." मी ते वाचलं.

त्यात जे होतं ते अवघड नाही. पाइपाच्या आत वायरी घालायच्या, पण पाइप भरून टाकायचा नाही. तीनपेक्षा जास्त वायरी असतील तर आतल्या जागेतली साधारण चाळीस टक्केच वायरींनी व्यापावी, बाकीची मोकळी ठेवावी. वळणं जास्त असतील तर त्याहून कमी. कारण वीज वाहताना वायर तापते, आणि ती उष्णता बाहेर जायला जागा लागते. शिवाय ओढताना वायरीवरचं प्लास्टिक सोलवटतं. एवढंच. मोकळी दिसणारी जागा ही रिकामी राहिलेली जागा नसते, ती ठेवलेली जागा असते. हे मला तेव्हा फार आवडलं होतं.

मग लग्न होऊन मुलुंडला गेलेल्या ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून ती येणार, आणि बाळंतपण नेमकं मे महिन्याच्या तोंडावर. आमचं घर वरच्या मजल्यावर, दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. बाबा म्हणाले, "बेडरूमला एसी लावूया. पोरगी नि बाळ उकडून निघतील नाहीतर." बाबा एका ऑफिसच्या इमारतीत सिक्युरिटीला आहेत, दिवसभर एसीच्या दाराबाहेर उभे असतात. त्यांनी हे म्हटलं तेव्हा मला त्यांचा खूप अभिमान वाटला.

एसी आला. आता त्याची वायर ओढायची होती, आणि ते काम अर्थातच काकांचं. काका म्हणजे नात्यातले नव्हेत, गाववाले. बाबांच्याच वाडीतले. आमच्याकडचं विजेचं कुठलंही काम काकाच करतात, बाहेरच्या माणसाला बोलवायचं नाही. ते मजुरीचं नाव काढत नाहीत. रविवारी येतात, काम करतात, बांगडा आणि सोलकढी जेवतात, गावच्या गोष्टी करतात आणि जातात. हे फार चांगलं आहे असं मला लहानपणापासून वाटत आलं. त्या रविवारी पहिल्यांदा लक्षात आलं की जो माणूस मायेने काम करतो त्याला "हे चुकतंय" असं म्हणायची सोय कुणी ठेवलेलीच नसते.

काका आदल्या दिवशी शनिवारी संध्याकाळी बघायला आले. दाराशेजारच्या बोर्डापासून बेडरूमपर्यंत भिंतीतून एकच पाइप जातो, पाऊण इंची. बिल्डरने दुसरा टाकलाच नाही. त्यात बेडरूमचे दिवे-पंखा, प्लग, बाथरूमचा गिझर यांच्या वायरी, त्यांची हिरवी अर्थिंगची वायर, नंतर काकांनीच घातलेली इन्व्हर्टरची एक, आणि बेडरूममधल्या टीव्हीची काळी, करंगळीएवढी जाड केबल. म्हणजे पाइप आधीच निम्म्याहून जास्त भरलेला होता. मी मनातल्या मनात हिशेब केला, मग कागदावर केला, मग पुन्हा केला, कारण मला माझ्या हिशेबाची खात्री नसते. एसीच्या दोन जाड वायरी घातल्या तर जवळजवळ पाऊण पाइप भरणार होता.

मी म्हटलं, "काका, मला वाटतं... म्हणजे माझं चुकत असेल, पण त्या पाइपात आता जागा नाहीये."

"जागा करूची लागता गो बाये," काका म्हणाले. "साबण लावलो की सगळा जाता."

"जाईल, पण जाणं आणि... म्हणजे आत मोकळी जागा राहायला पाहिजे. नाहीतर तापतात."

बाबा सोफ्यावरून म्हणाले, "जातंय ना? मग झालं."

"बाबा, पुस्तकात..."

"इंजिनीअरबाई," काका हसून म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आधीपासून वायरी ओढतंय मी. ह्या बिल्डिंगीत अर्ध्या घरांचे एसी मीच लावलंय. एकाचा तरी काय झाला?"

खरोखरच कुणाचं काही झालं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "मग बाहेरून पाइप टाकूया ना. एसीसाठी वेगळा. भिंतीवरून."

स्वयंपाकघरातून आई बाहेरच आली. हाताला पीठ.

"भिंतीर? माझ्या भिंतीर?"

"आई, पांढरा पाइप असतो, पट्टीसारखा. दिसत पण नाही."

"दिसत नाय कसो? आंधळे आसत काय लोक? आयुष्य गेला माझा वायरी पुसण्यात. बारशाक ताईचे सासरचे येतले. त्येंका काय दाखवू, चाळीतसून आणलेली वायर?"

"अगं पण ताई त्याच खोलीत झोपणार आहे!"

"म्हणूनच सांगतंय. चांगली खोली असू दे तिका."

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. रुसून नाही, खरंच जाईना. मला राग कसला आला होता हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. मला शिकायला पाठवलं कुणी? यांनीच. बाबा ऑफिसात सगळ्यांना सांगतात, मुलगी इंजिनीअर होणार. आणि त्या शिक्षणातली पहिली गोष्ट जी घराच्या कामाला येत होती, ती मी तोंडातून काढली की हसू. कॉलेजात सरांना पाइपाबद्दल विचारावं तर ते वायरमनचं काम, आणि वायरमनला सांगावं तर ते पुस्तकातलं. मग हा नियम पाळायचा कुणी? भिंतीने?

रविवारी सकाळी काका आले. मेन स्विच बंद केला, बोर्ड उघडला, स्प्रिंग पाइपात सारली. स्प्रिंग म्हणजे लांब लवचीक पट्टी. ती एका टोकाने घालून दुसऱ्या टोकाला बाहेर काढतात आणि तिला वायर बांधून ओढतात. स्प्रिंग गेली. मग वायरींना साबणाचं पाणी लावलं आणि काका बेडरूमकडून ओढायला लागले, बाबा बोर्डाकडून वायर आत ढकलत होते. थोडी गेली आणि बेडरूमच्या दाराजवळच्या वळणावर अडकली. काकांनी भिंतीला पाय लावून ओढली. आत काहीतरी खरखरलं. तो आवाज मला अजून आठवतो. जुन्या वायरींच्या अंगावरून नवी वायर घासत चालली होती, आणि आतमध्ये काय सोललं गेलं ते आता कुणालाच कधी दिसणार नव्हतं.

"काका, थांबा ना. सोलवटतंय आत."

"काय नाय होणा. आयएसआय वायर आसा."

पण वायर पुढे जाईना. काका घामाघूम होऊन खाली बसले. आईने पाणी दिलं. पाणी पिऊन ते बाबांना म्हणाले, "एक वायर काढूची लागतली. बोल, केबल काढू की अर्थिंग?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

बाबा म्हणाले, "केबल नको रे. मॅच असते. अर्थिंग म्हणजे ती हिरवी ना? ती काय करते?"

"हिरवी काय करीत नाय," काका म्हणाले. "तिच्यान दिवो लागना नाय, पंखो फिरना नाय. सगळे काढतत ती. मी किती ठिकाणी काढलंय."

आणि पक्कड घेऊन ते बोर्डाकडे निघाले.

मी बोर्डासमोर जाऊन उभी राहिले. हे मी ठरवून केलं नाही, पाय गेले. बोर्डाला पाठ लावली. काकांच्या आणि माझ्यामध्ये हातभर अंतर होतं, आणि लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली त्या माणसाला मी ओरडून म्हणाले, "हात लावायचा नाही!"

काकांनी बाबांकडे बघितलं.

"काय गो?" बाबा उठले. "कुणाशी बोलतेस तू? काकांची माफी माग आधी."

"मागते. नंतर मागते. पण हिरवी वायर काढायची नाही."

"तुका अक्कल इली काय कॉलेजात जावन?" आई म्हणाली. "मोठ्या माणसाक हात लावायचा नाय म्हणतंस?"

मला रडू यायला लागलं होतं, आणि मला रडू आलं की लोक माझं म्हणणं ऐकायचं सोडून मला समजवायला लागतात, म्हणून मी ते दाबलं. बाबांशी बोलून उपयोग नव्हता. मी आईकडे वळले.

"आई, चाळीतल्या खोलीत आपण किती जण झोपायचो? आजी होती तेव्हा, आत्या होती तेव्हा?"

"त्याचा काय आता?"

"सांग ना."

"नऊ जणा. कधी गावसून कोण इला तर धा, अकरा."

"मावायचो?"

"मावायचो. कसाबसा."

"झोप लागायची?"

आईने पदराने मान पुसली. मग म्हणाली, "खंयची झोप. उकडान जीव जायचो. तुझी आजी रात्री उठान दार उघडून बसायची."

"वायरींना दार उघडून बसता येत नाही, आई. मावणं वेगळं. त्या आत भिंतीत बंद आहेत, आणि एसी चालू झाला की त्यातली एक सतत तापत राहणार. बाजूच्यांना तापवणार. ताई दुपारभर एसी लावून झोपणार, त्या भिंतीला डोकं करून."

आई ऐकत होती. मी तशीच पुढे गेले, थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

"आणि हिरवी काही करत नाही, हे खरं आहे. रोज ती काहीच करत नाही. पण गिझरच्या आत काही बिघडलं आणि वीज त्याच्या पत्र्यात उतरली, तर ती वीज ही हिरवी वायर जमिनीत घेऊन जाते आणि बोर्डावरचा स्विच पडतो. हिरवी नसेल तर वीज तिथेच थांबते. मग जो ओल्या हाताने नळाला हात लावेल, त्याच्यातून जाते. ताईला रोज गरम पाण्याने शेकून न्हाऊ घालणार तू. बाळाला आंघोळ घालायला बाई येणार. नळाला हात कोण लावणार, आई?"

आईने बाथरूमच्या दाराकडे बघितलं. मग काकांकडे.

"भाऊ, ही म्हणता ता खरा?"

काकांनी पक्कड खाली ठेवली नाही. "तसा कधी होत नाय, वैनी."

"होत नाय की होवक शकत नाय?"

काकांनी पक्कड खाली ठेवली. ते खोटं बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहीन.

"मग भायरसून घाला पाइप," आई म्हणाली.

बाबा म्हणाले, "अगं पण तूच काल..."

"काल माका कोणी बाथरूमचा सांगूक नाय!" आणि ती माझ्यावर उखडली. "काय गो, ह्या आधी सांगूक काय झाला होता तुका? शनिवारपासून नुसता टक्के टक्के करतंस!"

मी शनिवारपासून तेच तर सांगत होते. पाइप भरला आहे हे पुरेसं का नव्हतं? नियम आहे, कुणीतरी विचार करून लिहिलेला आहे, हे पुरेसं का नव्हतं? त्यात बाळ घातल्यावरच तो खरा का झाला? आई आपली आहे, तिच्यापर्यंत पोचायला मला रस्ता सापडला. ज्यांच्या घरात बाळंतीण नाही त्यांना काय सांगायचं?

अर्धवट गेलेल्या वायरी काकांनी परत ओढून काढल्या. त्यांच्या अंगावर ओरखडे होते, एका जागी तांबं दिसत होतं. जुन्या वायरी कशा आहेत ते आतून दिसत नव्हतं. मी हट्टच धरला म्हणून त्याही एकेक करून बाहेर काढल्या, गिझरची एक सोललेली निघाली, ती बदलली. एसीसाठी भिंतीवर वेगळा पाइप ठोकून त्यातून नव्या वायरी घातल्या, आणि टीव्हीची केबलही जुन्या पाइपातून काढून त्याच्याशेजारून नेली. बाबांची मॅच वाचली. एसीला स्वतःची हिरवी वायर मिळाली, जुनी हिरवी जागच्या जागी राहिली. काका त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. बांगडे तसेच राहिले आणि बाबा माझ्याशी आठवडाभर कामापुरतं बोलले. मी फोन करून काकांची माफी मागितली, ओरडल्याबद्दल. ते म्हणाले, "जांव दे गो." पण पूर्वीसारखं नाही म्हणाले.

ताई आली, तिला मुलगी झाली. मे महिन्याच्या त्या दुपारी दोघी थंड खोलीत झोपायच्या आणि मी दाराशी उभी राहून नुसती बघायचे.

मग बारसं. ताईचे सासरचे मुलुंडहून आले. आईने त्या भिंतीसमोर मुद्दाम फुग्यांच्या माळा लावल्या होत्या, पण पाइप दिसायचा तो दिसलाच. ताईचे सासरे बघून म्हणाले, "हे बाहेरून का घेतलंत? कन्सील्ड नाही का?"

आईने मान खाली घातली. मी तोंड उघडणार एवढ्यात बाबा म्हणाले, "कन्सील्डच आहे हो. पण एका पाइपात जास्त वायरी घालायच्या नसतात, तापतात. एसीची वेगळी घ्यायची." आणि शेजारी बसलेल्या काकांच्या पाठीवर थाप मारली. "आमचे गाववाले. त्यांनीच सांगितलं. पंचवीस-तीस वर्षं ह्याच लाइनमध्ये."

काकांनी पेढा तोंडात टाकला आणि मान डोलावली.

ताईने माझ्याकडे बघितलं, तिला सगळं माहीत होतं. तिने हळूच मान हलवली, की असू दे. मला समजत होतं. बाबा आणि काका पुन्हा बोलायला लागले होते, तुटलेलं जुळत होतं, आणि त्या जुळण्याची किंमत म्हणून माझं म्हणणं काकांच्या नावावर गेलं होतं. मी असू दिलं असतं. मला वाटतं, मी खरंच असू दिलं असतं.

पण सासरे म्हणाले, "अरे वा. मग आमच्याकडे पण या एकदा. सूनबाई नि बाळ घरी आले की आम्हाला पण बेडरूमला एसी बसवायचाय. आमचा पाइप आतून आहे, त्यातूनच घाला काय ती वायर. भिंत नको खराब करायला."

"येतंय की," काका म्हणाले. "कधी सांगा."

बाळ ताईच्या मांडीवर होतं. अजून दोन-अडीच महिन्यांनी ते त्या घरी जाणार होतं.

"काका," मी म्हटलं. आवाज फार मोठा झाला, शेजारच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. "मुलुंडला जाल तेव्हा मला सांगा. मी पण येणार आहे."

"तू कित्याक?"

"पाइपात आधी किती वायरी आहेत ते मोजायला. आणि हिरवी आहे ना, ते बघायला."

बाबांनी डोळे मोठे केले. सासऱ्यांना काही कळलं नाही, ते माझ्याकडे आणि काकांकडे आळीपाळीने बघत राहिले. काकांच्या तोंडात अजून पेढा होता. त्यांनी तो सावकाश गिळला.

"ये," ते म्हणाले. मग जरा थांबून, कुणाकडेच न बघता, "येताना तुझा ता पुस्तक घेवन ये."

मला चिडवायला म्हणाले की मनापासून, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "आणते."